दोनदा वाचून केलेली सही

सर,

परवा तुमच्या बेसण्याला, शोकाच्या बैठकीला, तासभर बसले. पांढऱ्या चादरीवर मांडी घालून, फोटोकडे बघत गप्प बसायची ही इथली रीत तुम्हाला कधी झेपली नाही. दुसऱ्यांच्या बेसण्यातसुद्धा तुम्ही जरा वेळानं शेजाऱ्याला त्याचं गाव विचारायचात आणि गाव कळलं की लगेच त्याला एखादं नाव ठेवून मोकळे व्हायचात. परवा तुमचाच फोटो सगळ्यांकडे रोखून बघत होता. आधार कार्डावरचा मोठा करून आणलाय. त्यात तुम्ही फरारी आरोपी दिसता, दुसरा चांगला काढून ठेवा, असं मी तुम्हाला सांगून थकले होते. ऐकलं नाहीत. आता हार घातलेले आरोपी झालात.

लोक येत होते, हात जोडत होते, जात होते. मला रडू यायला हवं होतं, पण मी सारखी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. आपलं ते जुनंच भांडण. तुम्ही मधेच उठून गेलात, म्हणून आता दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागतात, आणि खरं सांगू, तुमची बाजू लढवताना माझी फार पंचाईत होते.

पांडेसऱ्यातली आपली शाळा नावाला मराठी माध्यमाची. वर्गात बघावं तर निम्मा देश बसलेला. आईबाप लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, नाहीतर डाईंग मिलमध्ये. जी शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तिच्यात पोर घालायचं, भाषेचं पुढे बघू, असा सगळ्यांचा हिशेब. अशा शाळेचे तुम्ही आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक. रोज सकाळी फाटकात उभे राहून पोरांना आत घ्यायचात. "ए भैया, शर्ट आत घाल." "जगन्नाथ, आज बी उशीर?" जगन्नाथ म्हणजे ओडिशाचा कुठलाही मुलगा, तुमच्या हिशेबानं शाळेत सगळे जगन्नाथच होते. धुळ्याकडच्या एका सावळ्या पोराला कोळसा. मी अकोल्याची, म्हणून मी वऱ्हाडीण. सगळी शाळा मला इथल्या पद्धतीनं बेन म्हणायची, तुम्ही वऱ्हाडीण बेन. आणि नववीतली सरिता थापा, जिचे वडील समोरच्या सोसायटीत वॉचमन होते, तिला तुम्ही चायना म्हणायचात. "ये चायना, ये. डब्यात काय आणलं आज?" नाव ठेवलं की पोर आपलं झालं, अशी तुमची प्रामाणिक समजूत होती.

तुमचं बघून, किंवा तुमचं न बघतासुद्धा, वर्गातली पोरं सरिताला चिंकी म्हणायची. ती डोळे बारीक करून दाखवायची पद्धत होती ना, तीही करायची. सरिता हळूहळू दांड्या मारायला लागली. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "बेन, पप्पा म्हणतात नववी झाली की पुरे. बंगल्यात मुलं सांभाळायचं काम आहे." मी म्हटलं, पप्पा म्हणतात की तू म्हणतेस? ती दप्तर उचलून निघून गेली.

तेव्हा 'किलबिल' माझ्याकडे होतं. पोरांचं भित्तिपत्रक, पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर दर शनिवारी लागायचं. पोरांना त्याचं नाव 'खळबळ' ठेवायचं होतं. तुम्ही म्हणालात, खळबळ चालणार नाही, किलबिल ठेवा. संपादक होती भावना, नवागामची, बाप लूमवर, घरात पक्की अहिराणी आणि तोंडावर कसलाही दरवाजा नसलेली. तिनं सरिताशी बोलून एक पानभर मजकूर तयार केला. मथळा: आपण एकमेकांना काय म्हणतो. खाली शाळेत ऐकू येणारे सगळे शब्द, जो म्हणतो त्याच्या नावापुढे. पोरांनी सुरुवात स्वतःपासून केली होती, हे मी आजही मानते. पहिल्याच ओळीत भावनानं स्वतःचं नाव घातलं होतं: 'भावना : भैया, चिंकी.' मग बाकीचा वर्ग. मग पीटीचे सर. मी त्यात होते, एका तेलुगू मुलीला मी एकदा अण्णा म्हटलं होतं म्हणे. मला आठवत नव्हतं, तिला आठवत होतं. सगळ्यात खाली: 'आचार्य साहेब : चायना (रोज).' आणि वर मथळ्याशेजारी एक विनंती, की कुणाला काय म्हणायचं ते ज्याचं त्याला विचारावं.

मी ते वाचलं आणि एक अक्षर बदललं नाही. मला वाटलं, सहीला आलं की तुम्ही वाचाल, तुमचा पारा चढेल, मला बोलावाल, आणि काय व्हायचं ते भांडण तुमच्या खोलीत होईल. सहीशिवाय कागद भिंतीवर लावायचा नाही हा तुमचाच नियम होता. पण मी एक गोष्ट विसरले. किलबिलवर सही करताना तुम्ही काय बघता, तर समास नीट सोडलाय का, अक्षर एका रेषेत आहे का, आणि कडेनं नक्षी काढलीय का. त्या दिवशी नक्षी फार सुंदर होती. वेलबुट्टी आणि चार कोपऱ्यांत चार मोर. कागद माझ्या तासाला परत आला तेव्हा शेवटच्या ओळीच्या अगदी खाली, हिरव्या शाईत, तुमची ती लांब शेपटीची सही होती आणि शेजारी शेरा होता: 'छान.'

मी कागद लावू दिला. लावू द्यायला नको होता असं मला अजूनही वाटत नाही.

मधल्या सुट्टीपर्यंत पाण्याच्या टाकीपाशी अख्खी शाळा जमली. पाणी कुणीच पीत नव्हतं. कुणीतरी फोटो काढला, तो पालकांच्या ग्रुपवर गेला, तिथून ट्रस्टी आप्पासाहेबांकडे. आप्पासाहेबांनी तुम्हाला फोन केला आणि तुमच्याच शाळेच्या भिंतीवर काय लिहिलंय ते तुम्हाला वाचून दाखवलं. स्टाफरूममध्ये एकच गोंधळ. हे शब्द शाळेत वर्षानुवर्षं बोलले जात होते तेव्हा कुणाच्या कानाला काही झालं नव्हतं. लिहिलेले दिसताच सगळ्यांना संस्कार आठवले. हिंदीच्या बेन म्हणाल्या, कागद स्टाफरूममध्ये लावा, म्हणजे मुलं बघणार नाहीत. पीटीचे सर म्हणाले, शब्दाचं पहिलं अक्षर ठेवून पुढे टिंबं द्या, पेपरात देतात तशी. कोण किती वेळा काय म्हणतं याच्यावर दोघांची जुंपली. पोरांनी विचारलेला प्रश्न मात्र कुणी हातात घेतला नाही.

शेवटी तुम्ही हुकूम सोडला: फाडू नका, फाडलं तर बोभाटा होईल, झाका. पटावाळा, आपला शिपाई, बिचारा गेला आणि कपाटात सापडलेलं पोलिओच्या डोसाचं पोस्टर चिकटवून आला. पोस्टर किलबिलपेक्षा आखूड होतं. वरचं सगळं झाकलं गेलं. भावना, वर्ग, पीटीचे सर, मी, सगळे पोलिओच्या मागे सुरक्षित. खाली उघडी राहिली ती एकच ओळ, 'आचार्य साहेब : चायना (रोज)', तिच्याखाली तुमची सही आणि 'छान'. तुम्ही बघायला आलात. मग पटावाळ्याला म्हणालात, "आरे, हाई काय करं तू?" तो म्हणाला, "साहेब, बडा पोस्टर नथी." मी टाकीच्या मागे जाऊन हसून घेतलं. तुम्हाला माहीत होतं, मी कुठे गेले ते.

शाळा पुन्हा भरली त्या दिवशी आप्पासाहेब आले. तुमच्या खोलीत तुम्ही, मी, भावना, सरिता आणि सरिताचे वडील. ते सोसायटीच्या ड्यूटीवरून तसेच आले होते, युनिफॉर्मची टोपी हातात. आप्पासाहेबांनी सुरुवात प्रेमानं केली.

"बहादूर, तुम्हारा कुछ कंप्लेंट है क्या?"

"साहब, मेरा नाम गणेश है."

"अच्छा नाम है, बहादूर. बैठो."

भावनाला हसू फुटलं. मी तिच्या पायावर पाय दिला. सरिता खाली बघत होती.

आप्पासाहेबांनी तोडगा आणलाच होता. सोपा होता. आचार्यांनी लिहून द्यायचं, की कागद गर्दीच्या वेळी आला, न वाचता सही झाली. मग दोघी मुलींनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माफी मागायची. माफी नाही, तर दाखला घेऊन जायचं. "मुलींचं काही नाही हो, लहान आहेत," ते म्हणाले. "पण शाळेची बदनामी झाली. आणि सर, तुमची तर फसवणूक झाली. तुम्ही काय वाचून सही करणार होतात असल्या कागदावर?"

सरिताचे वडील टोपी फिरवत होते. मला समोर दिसत होतं, मुलगी एकदा शाळेसमोर उभी राहून माफी मागेल आणि दुसऱ्या दिवशी बंगल्यात कामाला जाईल. दाखलासुद्धा लागणार नाही. आणि सर, मला तुमच्याकडून काही आशा नव्हती. तुम्ही तेव्हा निवृत्तीला आला होतात. निवृत्तीनंतर शाळेचे सल्लागार म्हणून तुम्हाला ठेवायचं आप्पासाहेबांनी तोंडी कबूल केलं होतं, आणि शाळेवाचून घरी बसायच्या कल्पनेनं तुम्ही आतून घाबरला होतात. शिवाय आप्पासाहेब म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. तुम्हाला फक्त खरं बोलायचं होतं.

तुम्ही चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर्गात आणि सभेत शुद्ध मराठी बोलणारे तुम्ही, त्या वेळी मात्र घरच्या अहिराणीत उतरलात.

"आप्पा, मी वाचीसन सही करेल शे."

आप्पासाहेबांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. "अहो सर, त्यात तुमचं नाव आहे."

"माझं नाव आहे म्हणून तर दोनदा वाचलं."

माझ्या आयुष्यात मी इतकं ठसठशीत खोटं ऐकलं नाही. तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. वर म्हणालात, "मजकूर मला पटला म्हणून 'छान' लिहिलं. आता मी परवानगी दिलेल्या मजकुराची माफी पोरींनी का मागायची? मागायची तर मी मागतो. कधी मागू, बोला." आप्पासाहेब उठले. आचार्यांना प्रार्थनेला माफी मागायला लावणारा ट्रस्टी व्हायची त्यांची तयारी नव्हती. जाताना वॉचमनकडे बघून त्यांनी मान हलवली, पण बहादूर म्हणाले नाहीत. सल्लागाराचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. तुमच्या निरोपाला आप्पासाहेबांना दुसरीकडे काम निघालं आणि शाल-श्रीफळ पीटीच्या सरांनी दिलं. नारळ हातात घेऊन तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "वऱ्हाडीण बेन, हा तरी वाचून घेऊ का?"

सगळे गेल्यावर खोलीत आपण दोघंच उरलो होतो. मी म्हटलं, "सर, काहून खोटं बोललात? वाचलं नव्हतं तुम्ही."

"मग आता वाचतो," म्हणालात. पोलिओचं पोस्टर स्वतः सोडवून किलबिल टेबलावर पसरलंत आणि खरंच वरपासून खालपर्यंत वाचलंत. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून चिडलात. "रोज? रोज कुठे म्हणतो मी? रविवारी शाळा बंद असते." मग बराच वेळ त्या मोरांकडे बघत बसलात. आणि तिथेच आपलं ते भांडण सुरू झालं, जे परवापर्यंत चाललं.

तुमचं म्हणणं एकच होतं: मी प्रेमानं म्हणत होतो. माझंही एकच: प्रेम तुमचं असेल, पण चेहरा तिचा आहे. तुम्ही म्हणायचात, "तुम्हाला मी वऱ्हाडीण म्हणतो तेव्हा तुम्ही हसता की." मी म्हणायचे, "हसते, कारण तुम्ही आचार्य आहात. आचार्यांच्या बोलण्यावर सगळे हसतात. सरिताही हसायची." हे ऐकल्यावर तुम्ही दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी चहाला बोलावून तोच वाद पहिल्यापासून सुरू केलात.

माफी तुम्ही सरिताकडे मागितली नाहीत. मी टोचून टोचून पाहिलं, नाही मागितलीत. पण भावनानं कागदावर केलेली विनंती तुम्ही आज्ञा म्हणून घेतलीत. दुसऱ्या सकाळी फाटकात उभे राहिलात आणि भीतीपोटी पाचवीच्या पोराला म्हणालात, "आपण आत यावं." पोर घाबरून उलटं पळालं. मग सरिता आली. तुम्ही विचारलंत, "तुला काय म्हणू?" ती म्हणाली, "सरिता." त्या दिवसापासून तुम्ही तिचं नाव वाक्यात दोनदा घ्यायला लागलात. "सरिता, खडू आण, सरिता." तीसुद्धा कंटाळली. मग तुम्ही एकेकाला विचारत सुटलात. पोरांना काय, पर्वणीच झाली. ओडिशाचा एक जण म्हणाला, मला कॅप्टन म्हणा. दुसऱ्या दिवशी शाळेत चार कॅप्टन होते. तो सावळा पोरगा म्हणाला, रॉकी. आणि तुम्ही, सर, रोज फाटकात उभं राहून, अजिबात न हसता, "रॉकी, शर्ट आत घाल" म्हणत होतात. त्याची आई तक्रार घेऊन आली, पोरगं घरी कोळसा म्हटलं की ओ देत नाही. तुम्ही तिला म्हणालात, "माझंही ऐकत नव्हतं, मी सुधारलो."

मला मात्र तुम्ही विचारलं नाहीत. शेवटच्या फोनपर्यंत मी वऱ्हाडीणच राहिले. निवृत्त झाल्यावर तुम्ही बमरोलीच्या घरी बसून फोनवरून भांडायचात, आणि तुम्ही 'वऱ्हाडीण बेन' म्हटलं की मी हसायचे. तेव्हा तुम्ही आचार्य नव्हतात. माझं तुमच्यावाचून काही अडत नव्हतं, तरी हसायचे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच वाद जिंकला म्हणून जाहीर केलं असतं. जिंकला नव्हता. मला आवडायचं म्हणून सरिताला आवडायला पाहिजे असं होत नाही. पण मला आवडायचं, एवढं आज लिहून देते. तुमची फार आठवण येते.

आणि तुमचं ते खोटं मी इमानानं सांभाळलं. नंतर जो कुणी विचारेल त्याला मी हेच सांगत आले, की आचार्यांनी मजकूर नीट वाचला, स्वतःवरची टीका मोठ्या मनानं स्वीकारली आणि मग सही केली. नव्या शिक्षकांना तर मी ही गोष्ट आदर्श म्हणून सांगते. सांगताना आवाजही भरून येतो.

परवा बेसण्याच्या शेवटी सरिता आली. नर्सिंगला आहे, तिथूनच युनिफॉर्मवर आली होती. तुमच्या फोटोपुढे वाकली आणि माझ्या शेजारी बसली. काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि तुमची कीर्ती सांगायला हवी म्हणून, मी तिला हळू आवाजात तीच गोष्ट सांगायला लागले. की सरांचं मन किती मोठं, तुमचं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि...

"बेन," ती म्हणाली, "सही घ्यायला मीच गेले होते."

मी तिच्याकडे वळले.

"मी समोर उभी होते. सरांनी मोर बघितले आणि सही केली. मी घाबरले होते, मला वाटलं वाचलं की मारतील. ते म्हणाले, मोर कुणी काढले, चायना? मी म्हटलं, मी काढले. म्हणून 'छान' लिहिलं." ती फोटोकडे बघत होती. "मग आप्पासाहेबांसमोर म्हणाले, दोनदा वाचलं. बाहेर आल्यावर मी पप्पांना सांगितलं, सर झूठ बोले, उन्होंने पढ़ा ही नहीं था. पप्पांनी विचारलं, झूठ क्यों बोले? मी म्हटलं, मेरे लिए. तर पप्पा म्हणाले, फिर स्कूल मत छोड़."

मी तिचा हात धरला आणि तिथे, सगळ्यांसमोर, मला शेवटी रडू आलं. तुम्हाला हे माहीतच नव्हतं, सर. सही घ्यायला कोण आलं होतं ते तुम्ही विसरला असणार, तुम्हाला वाटत होतं, ते खोटं फक्त मला ठाऊक आहे. इतकी वर्षं माझ्याशी भांडलात ते मी प्रेमानं म्हणत होतो, मी प्रेमानं म्हणत होतो करत, आणि जे तुम्ही खरंच प्रेमानं बोललात ते या मुलीनं त्याच दिवशी ओळखलं होतं. मला तुमचा भयंकर राग आला. हे ऐकायला तुम्ही हवे होतात.